दशमांश कमी आला म्हणून पाळकांचा पगार कमी व्हावा का?

नवी खजिनदार :

सर्वांना सलाम.

आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची आहे. चौसष्ट कुटुंबे, स्वतःची लहानशी इमारत, आणि न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदणी. कोणत्याही डायोसिसशी वा कॉन्फरन्सशी, म्हणजे वरच्या चर्च-संघटनेशी, आम्ही जोडलेले नाही, त्यामुळे पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) वेतनाचे पत्रक वरून येत नाही. ईस्टरनंतरच्या सभेत खजिनदारपद माझ्याकडे आले आणि वह्या ताब्यात घेतल्यावर लक्षात आले की आमच्या पाळकसाहेबांना ठरलेला पगार असा गेल्या अकरा वर्षांत कधी नव्हताच. रिवाज असा आहे की महिन्याच्या शेवटच्या रविवारी दशमांशाची, म्हणजे प्रत्येक घराने दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याची, पाकिटे फोडायची, त्यातून विजेचे बिल, झाडलोट करणाऱ्या मावशींचे पैसे आणि असेल ती डागडुजी वजा करायची, आणि उरेल ते पाळकसाहेबांच्या हाती ठेवायचे. मंडळीतली निम्मी घरे उसावर आहेत. गेल्या वर्षी कारखान्याचे पैसे आले त्या डिसेंबरात त्यांना 31,400 रुपये मिळाले; जूनमध्ये, म्हणजे नेमके शाळा-कॉलेज उघडताना, 6,250. वर्षभराची बेरीज 2,04,000 होते.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. वार्षिक सभेत कोणी किती दशमांश दिला याची यादी नावानिशी, मोठ्या रकमेपासून खाली उतरत, वाचून दाखवली जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक विधवा बाई आमच्याकडे आहेत. दोन वर्षे त्यांचे नाव सर्वांत शेवटी आले आणि तिसऱ्या वर्षी त्या सभेला आल्याच नाहीत. पाकीट मात्र मुलाच्या हाती न चुकता पाठवतात.

पगार ठरवून द्यावा असे मी सुचवल्यावर कमिटीत दोन तट पडले. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की पगार ठरला की पाळक देवाचा सेवक न राहता कमिटीचा नोकर होतो, आणि लोकही दशमांश देण्यात ढिले पडतात. तरुणांना पगार हवा आहे, पण तो किती आणि कशाच्या आधारावर, हे कोणी सांगत नाही. खुद्द पाळकसाहेब गप्प आहेत. त्यातच एका शिक्षिकेने विचारले की दशमांश मूळ पगारावर धरायचा की कपाती जाऊन हाती येणाऱ्या रकमेवर. आपल्यापैकी ज्यांनी हे प्रश्न जवळून पाहिले आहेत त्यांनी कृपया लिहावे.


पाळकाची लेक :

बाई, आपल्या पत्रातला जूनचा आकडा वाचून मी थोडा वेळ पुढे वाचूच शकले नाही.

मी पाळकाच्या घरात वाढले. वडिलांच्या बायबलइतकीच महत्त्वाची अशी आणखी एक वही आमच्या घरात होती, ती किराणा दुकानातल्या उधारीची. लाल कापडी पुठ्ठ्याची, मधोमध दुमडलेली. महिन्याची पाच तारीख उलटली की आई त्या दुकानासमोरून जाणे टाळत असे आणि पोस्टात जायचे झाले तरी मागच्या बोळाने वळसा घालून जाई. दुकानदार भला माणूस होता, त्याने कधी तोंडाने मागितले नाही, पण त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता आणि आमच्याकडे किती बाकी आहे हे त्याला ठाऊक असे.

हंगामाच्या सणाला वेदीपुढे भोपळे, उसाची मोळी, ज्वारीची कणसे आणि पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या मांडलेल्या असत. उपासनेनंतर लिलाव व्हायचा, वीस रुपयांचा भोपळा चारशेला जायचा, लोक हसत हसत बोली चढवायचे. आम्ही भावंडे मात्र प्रत्येक बोलीबरोबर मनात बेरीज करत असू, कारण तो पैसा बाबांच्या थकलेल्या पगारात जाणार हे आम्हाला माहीत असे. सणाच्या दिवशी मुलांनी असा हिशेब करावा, हे मला आजही बरे वाटत नाही.

पण मला सांगायचे आहे ते याहून वेगळे आहे. बाबा सडेतोड उपदेश करणारे होते. मंडळीतल्या एका मोठ्या बागायतदाराने मजुरांचे पैसे चार महिने अडकवून ठेवले होते, आणि ते मजूरही त्याच मंडळीतले होते. बाबांना सगळे माहीत होते. त्या चार महिन्यांत त्यांनी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, ज्यात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे म्हटले आहे, एकदाही व्यासपीठावरून उघडला नाही. त्या एका घरातून दशमांशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा येत असे. बाबा भित्रे नव्हते, पण घरात आम्ही चौघे होतो. पगार ठरला की पाळक नोकर होतो असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की पगार ठरलेला नसताना ते कोणाचे नोकर होते?


निवृत्त शिक्षक :

मी एका धर्मशिक्षण संस्थेत जुना करार शिकवत असे, त्यामुळे प्रश्नाची शास्त्राची बाजू मांडतो. थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातील दशमांश भांडारात आणण्याचे वचन आपल्या मंडळ्यांत बहुतेकांना पाठ असते, पण ते भांडार कोणाचे आणि त्यातून कोणाला काय मिळे हे फारसे कोणी सांगत नाही. गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे दशमांश लेव्यांना, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशाला, मिळे, कारण इतर वंशांप्रमाणे त्यांना जमिनीचे वतन नव्हते, आणि मिळालेल्या दशमांशाचा दशमांश त्यांनी स्वतः याजकाला द्यायचा होता. म्हणजे घेणाऱ्यालाही द्यावे लागे. राहण्याची सोयही त्या व्यवस्थेत होती : पस्तिसाव्या अध्यायात लेव्यांसाठी 48 नगरे आणि भोवतालची कुरणे राखून ठेवलेली आहेत. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आणखी एक चित्र दिसते. तिथे देणाऱ्याने आपला दशमांश पवित्र स्थानी नेऊन कुटुंबासह आनंदाने खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवून लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांना तृप्त करायचे आहे. त्यामुळे दहा टक्के म्हणजे पाळकाचा पगार हे समीकरण शास्त्रात जसेच्या तसे सापडत नाही. विधवा हे तर त्या दशमांशातून खाणाऱ्यांच्या यादीतले नाव आहे. आपल्या गावी ते देणाऱ्यांच्या यादीत तळाला वाचले जाते, हे मला फार लागले.

आता नहेम्याच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय पाहा. तो खजिनदाराने जरूर वाचावा. लेव्यांचे वाटे त्यांना दिले जात नव्हते, म्हणून सेवा करणारे लेवी आणि गाणारे आपापल्या शेतांकडे पळून गेले होते. पळून जाणाऱ्यांची श्रद्धा कमी पडली असे नहेम्या म्हणत नाही. देवाच्या मंदिराची अशी हेळसांड का झाली, असा जाब तो अधिकाऱ्यांना विचारतो. त्यानंतर भांडारावर तो एकाची नेमणूक करत नाही. एक याजक, एक लेखक, एक लेवी आणि त्यांच्या हाताखाली आणखी एक, असे चौघे नेमतो, आणि विश्वासू म्हणून ज्यांची ख्याती होती अशांनाच नेमतो. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात बाराव्या अध्यायात योवाश राजाच्या काळची हकिगत आहे. मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजकांच्या हाती होता आणि राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नाही. मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजू लागले. दानपेटी आणि दोन माणसांची मोजणी ही कल्पना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयापेक्षा बरीच जुनी आहे.

नव्या करारात प्रेषित पौलाने मंडळ्यांना दहा टक्क्यांचा नेम घालून दिलेला नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, कष्टी होऊन किंवा भाग पडते म्हणून नव्हे, असे तो करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहितो. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी हे मात्र तो पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात प्रभूची आज्ञा म्हणून सांगतो, आणि तीमथ्याला लिहिताना मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये हे वचन पुन्हा पुढे करतो. म्हणून माझे मत असे की दशमांश ही देणाऱ्याची शिस्त आहे, आणि पाळकाचे वेतन हे मंडळीचे कर्तव्य आहे. पहिले स्वेच्छेचे, दुसरे बांधिलकीचे. आपल्या रिवाजात नेमकी उलटापालट झाली आहे : द्यायची सक्ती केली आहे आणि वेतन मर्जीवर सोडले आहे.

शिक्षिकाबाईंना सांगावे की मूळ पगार की हाती येणारी रक्कम, हे त्यांनी व त्यांच्या घरच्यांनी ठरवावे. पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशमांश देणाऱ्यांना, न्याय आणि दया मात्र तुम्ही सोडून दिलीत, असे प्रभूने ऐकवले ते त्यांना माहीत असेलच.

एक गोष्ट जाता जाता. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी खळ्यावर उभे राहून बलुते घेतले आहे, आणि मिळेल ते मुकाट्याने घ्यावे लागण्यात काय असते ते भोगले आहे. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली तेव्हा आमच्या घरी जमिनीची काळजी होती, तरी सुटल्यासारखेही वाटले होते. पाकिटे फोडून उरेल ते हाती ठेवण्याचा रिवाज मला त्या खळ्याची आठवण करून देतो.


पोटापाण्यासाठी गॅरेज :

मी थोडा विरोधी सूर लावतो. मी एका उपनगरात चाळीस-एक लोकांची घरमंडळी, म्हणजे घरातच भरणारे चर्च, चालवतो आणि पोटासाठी दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. गेली नऊ वर्षे मंडळीकडून एक रुपया घेतलेला नाही. पौल राहुट्या शिवत होता, मी क्लच प्लेट बदलतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा स्वतंत्र भक्तसमुदाय उभा केला. पगार, पीएफ, पत्रक यांची भाषा सुरू झाली की देवाचे बोलावणे मागे पडते आणि पाळकपण हा पेशा होतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. चौसष्ट कुटुंबांना पूर्णवेळ पाळक खरोखर परवडतो का, हाही प्रश्न विचारायला हवा.


पाळकाची लेक :

भाऊ, आपल्या कष्टांबद्दल आदर आहे, पण टिळकांचे नाव घेतलेत म्हणून लिहिते. मिशनची नोकरी सोडणारे टिळक होते आणि त्यानंतर घराचा मेळ घालणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. पौलाने हक्क सोडला तो स्वतःचा, आणि सोडताना हा हक्क इतरांना आहे असे लिहूनही ठेवले. पाळकाने स्वतः होऊन पगार नाकारणे आणि मंडळीने तो न देणे, या दोन गोष्टी एक नाहीत.


पोटापाण्यासाठी गॅरेज :

हा भेद मान्य आहे. परवडण्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो.


वहीखाते :

परवडते की नाही ते कागदावर पाहू. मी सनदी लेखापाल आहे आणि काही चर्च, दोन देवस्थाने व एका दर्ग्याच्या न्यासांचे लेखापरीक्षण करतो. दुखणी सगळीकडे सारखीच असतात.

खर्च जाऊन पाळकांना वर्षात 2,04,000 मिळाले, म्हणजे महिन्याला सरासरी 17,000. हे एका वर्षाचे चित्र झाले. मागच्या तीन वर्षांचे आकडे काढावेत आणि त्यांतले सर्वांत कमी वर्ष हाताशी धरून पगार ठरवावा, सर्वांत चांगले वर्ष धरून नव्हे. समजा ती रक्कम 15,000 निघाली, तर ती दर महिन्याच्या 1 तारखेला पाळकांच्या बँक खात्यात जावी, थैलीत काहीही आलेले असो. डिसेंबरात जादा आलेला पैसा बँकेत राहील आणि जूनचा खड्डा त्यातून भरेल. किमान तीन महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी तयार होईपर्यंत रंगरंगोटी, नवा ध्वनिक्षेपक असल्या गोष्टींना हात लावू नये. वर्षअखेरी शिल्लक राहिली तर तिच्यातून पाळकांना काय द्यायचे ते सभेने ठरवावे. 15,000 पुरेसे आहेत असे मी म्हणत नाही. पुरेसे नाहीत हे एकदा सगळ्या मंडळीला एका आकड्यात दिसले पाहिजे. आज ते दिसत नाही, कारण डिसेंबरचा आकडा लोकांच्या लक्षात राहतो आणि जूनचा फक्त पाळकांच्या घरी. एवढे दिसल्यावरही आकडा हलला नाही, तर आठवड्यातून तीन दिवस सेवा आणि उरलेले दिवस दुसरे काम, असा लेखी करार करणेही प्रामाणिकपणाचेच आहे. पूर्णवेळ राबवून अर्धवेळाचे पैसे देणे बरे नव्हे.

रविवारची मोजणी एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी उपासनेनंतर तिथेच करावी, चिठ्ठीवर दोघांनी सही करावी आणि पूर्ण रक्कम पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरावी. पूर्ण रक्कम. थैलीतून परस्पर वीजबिल भरायचे नाही, मावशींना द्यायचे नाही आणि पाळकांना तर नाहीच. क्यूआर कोड लावला असेल तर तो न्यासाच्या खात्याचा आहे ना, हे आजच पाहून घ्या. मी तपासलेल्या एका ठिकाणी तो पाळकांच्या मेहुण्याच्या खात्याचा निघाला होता. त्यात लबाडी नव्हती, न्यासाचे खाते उघडायचा कंटाळा होता, पण तीन वर्षांचा हिशेब सोडवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे 31 मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घेणे आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात जाणे हे तुमचे दायित्व आहे. पाळक स्वतः विश्वस्त असतील तर न्यासपत्रात वेतनाची तरतूद आहे का ते पाहावे, आणि वेतनाचा विषय निघेल तेव्हा त्यांनी बैठकीतून बाहेर बसावे व तशी इतिवृत्तात नोंद व्हावी. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला वाजवीपेक्षा जास्त मोबदला दिला तर न्यासाची करसवलत धोक्यात येते. तुमच्या बाबतीत ती भीती नाही, पण वेतनाचा ठराव कागदावर असणे पाळकांच्याही हिताचे आहे. लोक हमखास विचारतात म्हणून सांगतो : केवळ एका धर्मसमाजासाठी चालणाऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीवर साधारणतः प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, तेव्हा तशी पावती देण्याचे कबूल करू नका. आणि पाळकांचा पगार आहे म्हणून तो करातून आपोआप सुटत नाही. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या धर्मगुरू व धर्मभगिनींच्या पगारातून टीडीएस कापणे योग्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केले. तुमच्या रकमेवर कर बसणार नाही, तरीही पगार खात्यावर जाऊ लागला की पाळकांनी दरवर्षी विवरणपत्र भरावे. मुलाबाळांच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी तेच कागद कामाला येतील.

निवृत्तीची सोय म्हणून पाळकांच्या नावे पीपीएफ किंवा एनपीएसचे खाते उघडून त्यात न्यासाने महिन्याला हजार रुपये जरी भरले तरी अकरा वर्षांपूर्वी हे का केले नाही असे वाटेल. परदेशातून कोणी ओळखीचे पैसे पाठवतो म्हणाले तर त्यावर पगार उभा करू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, एका संस्थेला तो दुसरीकडे वळवता येत नाही, आणि नोंदणी नसेल तर घेताच येत नाही. वळवलेल्या निधीवर चालणाऱ्या लहान मंडळ्यांचे त्या वेळी काय झाले ते मी पाहिले आहे.


वसईकर :

आमची कॅथलिक रीत वेगळी आहे, आणि आमच्या फादरांना संसार नसल्यामुळे तुलना पूर्ण जुळणार नाही, तरी दोन मुद्दे उपयोगी पडतील असे वाटते. आमच्याकडे दशमांशाची सक्ती नाही. धर्मसभेच्या गरजांना हातभार लावणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे असे 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, म्हटले आहे, पण टक्का सांगितलेला नाही. लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी अशा प्रसंगी लोक जे देतात ते, देणाऱ्याचा स्पष्ट हेतू वेगळा नसेल तर, धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, खात्यात जाते. ज्या फादरांनी विधी केला त्यांच्या खिशात नव्हे. मिस्साच्या, म्हणजे पवित्र उपासनाविधीच्या, दानालाही मर्यादा आहे : एकाच दिवशी अनेक मिस्सा अर्पण केल्या तरी फादरांना एकाच मिस्साचे दान ठेवता येते, नाताळचा दिवस तेवढा अपवाद. शिवाय प्रत्येक धर्मग्रामाला अर्थ समिती असलीच पाहिजे असा नियम आहे. ती समिती सगळीकडे जागी असते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आमच्या गावी मात्र ती जागी झाली तेव्हापासून चर्चच्या नोटीस बोर्डावर तिमाही जमाखर्च लागतो, आणि त्यात एकाही देणाऱ्याचे नाव नसते, फक्त बेरजा असतात.


नवी खजिनदार :

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल कमिटीची बैठक झाली. तीन वर्षांचे आकडे काढले असता सर्वांत कमी वर्ष 1,86,000 चे निघाले, म्हणून 15,500 रुपये 1 तारखेला खात्यात, असा ठराव एका मताच्या विरोधाने संमत झाला. चर्चा सुरू होताच पाळकसाहेब स्वतःहून उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. ठराव सांगायला मी गेले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की ही रक्कम जूनमध्येही मिळेल का. आता हंगामाच्या सणाआधी सर्वसाधारण सभेपुढे हा ठराव जाईल.

नावांची यादी यापुढे वाचायची नाही हेही ठरले, मात्र ज्यांचे नाव दरवर्षी पहिले येई त्यांचीच नाराजी ओढवली आहे. ती कशी दूर करायची ते मी पाहीन.

एक प्रश्न राहिला. काही शेतकरी सुगीला पाळकसाहेबांच्या घरी ज्वारीचे पोते, शेंगा, कधी गूळ आणून टाकतात. कमिटीतील एकांचे म्हणणे असे की त्याची किंमत धरून पगारातून वजा करावी. हे योग्य आहे का?


वहीखाते :

चर्चमध्ये अर्पण म्हणून आलेला माल आणि त्याच्या लिलावाची रक्कम न्यासाच्या वहीत आलीच पाहिजे. कोणी शेजारधर्माने पाळकांच्या घरी काही नेऊन दिले तर तो न्यासाचा व्यवहार नाही आणि पगारातून वजा करण्याचा प्रश्नच येत नाही.


पाळकाची लेक :

वजा करू नका, बाई. आमच्याकडे एका कमिटीने ती किंमत धरली होती. दुसऱ्या वर्षी ज्वारी आली नाही, आणि पगारातले वजा झालेले पैसे परत मागायला बाबा कधी गेले नाहीत.